एल, डबल एक्सएल आणि बेचाळीस: एकाच दुपारी, एकाच अंगाला

भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही घरच्या सहा बायका बाजारात उतरलो होतो. साड्यांना अडीच तास लागले. इरकल झाली, सहावारी झाली, आहेराच्या झाल्या. त्या अडीच तासांत "साइझ काय?" असं कुणीही कुणाला विचारलं नाही. मग हळदीला म्हणून कुर्ती घ्यायचं ठरलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. पहिल्या दुकानात एल व्यवस्थित बसला. दुसऱ्या दुकानात डबल एक्सएल मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेपाशी, असा अडकला, की वहिनीनं ओढून काढला. तिसऱ्या दुकानात ४२ नंबर दिला, तो खांद्यावरून ओघळत होता. दुसऱ्या दुकानातली पोरगी जाता जाता म्हणाली, "तुमच्या साइझचं आमच्याकडं येत नाही, काकू." आवाज बारीक ठेवला असता तर बरं झालं असतं.

बाहेर पायरीवर आत्या बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर इरकल आणि गाठीची चोळी. म्हणाली, "मी जन्मात कधी त्या खोलीत गेलो नाही बघ." आमच्याकडं बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात जुन्या बायका असंच बोलतात, गेलो-आलो. त्या खोलीत म्हणजे ट्रायल रूममध्ये.

माझं अंग तर दुपारी दोन ते पाचमध्ये बदललं नव्हतं. मग बदलत काय होतं? अधूनमधून "भारताचा स्वतःचा साइझ-तक्ता येणार" अशी बातमीही कानावर येते. ती नेमकी काय भानगड आहे, हेही त्या निमित्तानं पाहू.

साइझ म्हणजे नक्की कशाचं माप?

घोळाची सुरुवात इथूनच होते. कुर्तीच्या गळ्याशी ४० लिहिलेलं असतं. हे ४० इंच कुणाचे, छातीचे की कापडाचे?

कपडा अंगापेक्षा थोडा मोठा लागतो, नाहीतर हात वर करता येणार नाही की श्वास घेता येणार नाही. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांतल्या या फरकाला शिवणकामात 'ईझ' म्हणतात, आपण सैलपणा म्हणू. ब्लाउजला अर्धा-एक इंच सैलपणा पुरतो, कुर्तीला दोन-तीन, पुरुषांच्या शर्टाला साधारण चार. ताणणाऱ्या कापडाच्या लेगिंगला उलटा हिशेब, ती अंगापेक्षा लहानच कापतात.

आता काही कंपन्या ४० लिहितात म्हणजे "४० छातीच्या माणसासाठी", तेव्हा कपडा प्रत्यक्षात ४३-४४ भरतो. काही ४० लिहितात म्हणजे कपड्याचाच घेर ४०, तो ३८ छातीला बसेल. दोघीही खोटं बोलत नाहीत, फक्त एकीनं भांड्याचं माप सांगितलंय आणि दुसरीनं त्यात मावणाऱ्या भाताचं. मला ओघळलेला ४२ पहिल्या जातीचा असणार. अडकलेला डबल एक्सएल हे वेगळंच प्रकरण, त्याच्याकडं येतो.

पुरुषांनी इथं हसू नये. आमच्या घरात एक गृहस्थ पंचवीस वर्षं ३६ नंबरचीच पँट घालतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पँट पोटावरून घसरत घसरत आता पोटाखाली बांधली जाते, शिवाय ३६ लिहिलेल्या पँटचा पट्टा टेप लावला तर ३८ भरतो. पोटावर बेंबीपाशी टेप लावला, तेव्हा ४१ आले. टेप खराब आहे म्हणाले.

पायली तशी एल

माझे आजोबा सांगायचे, एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारात चालायची नाही. शेर, मण, पायली, सगळ्यांची नावं एक आणि भरती वेगळी. माणूस भात विकायला निघाला, की आधी विचारायचा, "माप कुठलं?" १९५६ साली देशभरासाठी वजन-मापांचा कायदा झाला, पुढं किलो-लिटर आले आणि हा प्रश्न मिटला. आज खानापुरातला किलो आणि निपाणीतला किलो एकच.

कपड्यांच्या बाबतीत आपण अजून पायलीच्या काळात आहोत. एल हे नाव एकच, पण तीन दुकानांतल्या तीन एल म्हणजे तीन बाजारांतल्या तीन पायल्या. प्रत्येक कंपनीची पायली तिच्या घरात ठरते.

मग हे आकडे कंपन्या आणतात कुठून?

पुष्कळशा कंपन्या परदेशी तक्ते घेऊन त्यात आपापल्या अंदाजानं फेरफार करतात. आणि त्या परदेशी तक्त्यांची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत टपालानं कपडे मागवायची पद्धत फार. न बसणारे कपडे परत यायचे आणि कंपन्यांचं नुकसान व्हायचं. म्हणून तिथल्या सरकारच्या शेती खात्यानं १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. त्या कामावरचा अहवाल १९४१ साली छापला. काम प्रचंड होतं, पण हिशेबात फक्त गोऱ्या बायका धरल्या. या मापांवरून १९५८ साली तिथं अधिकृत साइझ-तक्ता निघाला. त्यातला ८ नंबर म्हणजे ३१ इंच छाती. कंपन्यांनी तो हळूहळू वाऱ्यावर सोडला आणि १९८३ मध्ये सरकारनं तो मागंच घेतला. म्हणजे ज्या देशात हे सगळं सुरू झालं, तिथंही आज एक माप नाही.

आपल्याकडं केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयानं आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१८ साली 'इंडिया साइझ' प्रकल्प जाहीर केला. टेप न लावता, अंगाभोवती प्रकाश फिरवून संगणकावर शरीराची त्रिमिती आकृती घेणारी यंत्रं वापरायची आणि १५ ते ६५ वयाच्या २५ हजार माणसांची मापं घ्यायची. देशाच्या सहा भागांतली सहा शहरं निवडली, त्यांत दिल्ली, मुंबई, कोलकाता आली, शिलाँगही आलं. बेळगाव नाही. आता सगळीकडं जायचं म्हटलं तर शंभर वर्षं लागतील हे कबूल, पण उसाच्या शेतात राबणारी मच्छे-येळ्ळूरची बाई आणि मुंबईत लोकलला लटकणारी बाई यांचे खांदे सारखेच निघतील याची मला खात्री वाटत नाही. तरीही परदेशी तक्त्यापेक्षा आपल्या माणसांचा तक्ता केव्हाही बरा. एवढंच लक्षात ठेवायचं, की तक्ता निघाला म्हणून कंपन्या तो पाळतीलच असं नाही. अमेरिकेत पाळला नाहीच.

एका मापावरून सगळी मापं

आता अडकलेला डबल एक्सएल.

कारखान्यात प्रत्येक साइझ वेगवेगळ्या माणसाच्या अंगावर बेतत नाहीत. एक मधलं माप घेतात, बहुतेक वेळा एम. त्या मापाच्या एका बाईला घालून, टाचण्या लावून, तो एकच कपडा नीट बसवतात. मग त्याचे कागदी नमुने ठरावीक इंचांनी वाढवत आणि कमी करत बाकीचे साइझ काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छातीत प्रत्येक साइझला दोन इंच, खांद्याला अमुक, मुंढ्याला तमुक.

घरी कुंदा करणाऱ्या बाईला यातली अडचण लगेच कळेल. एक लिटर दुधाचा कुंदा जमला म्हणून दहा लिटरचा करताना सगळं दहापट करून भागतं का? साखर दहापट चालेल, पण आटवायचा वेळ दहापट नसतो, कढईचा तळ दहापट नसतो, आणि हात तर दोनच. माणसाचं अंगही असंच आहे. वजन वाढलं की पोट, दंड, मांड्या वाढतात. खांद्याची हाडं रुंद होत नाहीत, उंची वाढत नाही, मनगट जवळजवळ तेवढंच राहतं. ग्रेडिंगचा तक्ता मात्र सगळीकडं थोडं थोडं वाटत जातो. म्हणून मोठ्या साइझचा गळा उतरतो, खांदा दंडावर येतो, बाही बोटांपर्यंत लोंबते, आणि तरी दंडात किंवा मुंढ्यात आवळतं. मधल्या मापापासून जितकं लांब जाल, दोन्ही बाजूंनी, तितकी चूक वाढत जाते. बारीक मुलींचंही हेच रडगाणं असतं, फक्त त्यांना कुणी "तुमच्या साइझचं येत नाही" असं म्हणताना आवाज चढवत नाही.

यावर कापाकापीतला फरक. कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एकदम कापतात, पातं जरा कललं की वरच्या आणि खालच्या थरात फरक पडतो. शिवणीत अर्धा इंच इकडंतिकडं झाला तर कारखाने चालवून घेतात. त्यात सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. त्यामुळं एकाच कंपनीचे, एकाच साइझचे, एकाच रंगाचे दोन कपडे घातले तरी एक बसतो आणि एक नाही. यात तुमचा काही संबंध नाही.

"पण सरासरी अंगाच्या माणसाला तरी नीट बसत असेल ना?"

असं मलाही वाटायचं. १९५० साली अमेरिकी हवाई दलानं चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. विमानातली बसायची जागा सरासरी माणसाच्या मापाची करायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं ४,०६३ जणांच्या दहा मापांची तुलना केली. उंची, छाती, बाहीची लांबी वगैरे. दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती निघाले? एकही नाही. शेवटी हवाई दलानं सरासरी माणूस शोधायचा नाद सोडला आणि पुढंमागं सरकणाऱ्या, उंचीला कमीजास्त होणाऱ्या खुर्च्या मागितल्या.

हे वाचलं तेव्हा मला आत्याची गाठीची चोळी आठवली. पुढून दोन टोकं ओढून गाठ मारायची. बाळंतपणात सैल, नंतर घट्ट, म्हातारपणी परत सैल. तीच चोळी. नऊवारी साडी तर नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर सरळ पट्टी. जाड बाई निऱ्या दोन कमी घालते, बारीक बाई दोन जास्त. बेळगावात शहापूर-वडगाव-खासबागच्या गल्ल्यांत मागांची खटखट पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, त्या मागावरून उतरणाऱ्या साडीला विणकर कधी एम-एल लिहीत नाही. सरकणारी खुर्ची आपल्या घरात आधीपासून होती. साडीच बरी असं मी म्हणत नाही. स्कूटर चालवताना, बसला लोंबकळताना मला कुर्तीच हवी. पण शिवलेला कपडा आला तेव्हाच "बसतो की नाही" हा प्रश्न आला, आणि कधीतरी तो उलटा फिरून "मी बसते की नाही" असा झाला.

"कंपन्या मुद्दाम फसवतात का?"

थोडं मुद्दाम, थोडं नाईलाजानं. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोठ्या कपड्याला छोटा नंबर लावायची चाल जगभर आहे. १९५८ च्या तक्त्यातला तो ३१ इंची ८ नंबर आठवा. आज अमेरिकेत ८ म्हणून मिळणारा कपडा त्याहून कितीतरी इंच मोठा असतो. याला खुशामती साइझ म्हणता येईल. मला पहिल्या दुकानात एल बसला, तेव्हा मीही क्षणभर हरखलेच होते की.

नाईलाज असा, की दुकानदार माल सेटमध्ये उचलतो. एका डिझाइनचे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे ठरलेले नग. टोकाचे साइझ ठेवले आणि खपले नाहीत, तर पैसा अडकतो. म्हणजे "तुमच्या साइझचं येत नाही" याचा खरा अर्थ "आम्ही मागवत नाही" असा असतो.

"मग सरळ टेलरकडंच जावं"

जमेल तिथं जावंच. रेडिमेडवाला तुमच्याबद्दल एक आकडा विचारतो. टेलर ब्लाउजलाच दहा-बारा घेतो: छाती, वरची छाती, कंबर, उंची, खांदा, मुंढा, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा, टक्सचा पॉइंट (छातीवरच्या चुण्या जिथं संपतात ती जागा). छाती एकच पण टक्सचा पॉइंट वेगळा असलेल्या दोन बायकांना एकच ब्लाउज बसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पण शिलाई महाग झाली आहे, लग्नसराईत महिना-महिना हातात काही पडत नाही, आणि जीन्स कोण शिवून घेणार? म्हणून मधला रस्ता. रेडिमेड घेताना अंगाचा जो भाग सगळ्यात रुंद, किंवा जो नंतर दुरुस्त होत नाही, त्याला बसेल असा घ्या आणि बाकी अल्टर करून घ्या. कुर्तीत खांदा आणि मुंढा आधी बघायचा, तिथली दुरुस्ती कटकटीची असते. कंबर आत घेणं, उंची कमी करणं, बाही आखूड करणं हे कोपऱ्यावरच्या टेलरचं अर्ध्या तासाचं काम. सैल करायची वेळ येणार असेल तर कपडा उलटा करून शिवणीच्या आत कापड किती सोडलंय ते बघा. स्वस्त कपड्यात ते अर्धा इंचही नसतं, तिथं टेलर काही करू शकत नाही.

आणि लेबल वाचा. पाकीटबंद नसलेल्या, सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एम-एल बरोबर सेंटिमीटरमधलं मापही लिहावं, असा केंद्राचा २०२२ पासूनचा नियम आहे. एलचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, सेंटिमीटर बदलत नाही. अडीच सेंटिमीटरला एक इंच धरा, थोडासा फरक राहील. ऑनलाईन घेताना तर तेवढंच बघायचं. घरातला आपल्याला छान बसणारा एक कपडा जमिनीवर पसरून काखेखालून आडवा मोजायचा, दुप्पट करायची, आणि तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवायचा.

"अंग आहे तसं मान्य करायचं म्हणजे तब्येतीकडं दुर्लक्ष?"

हा आक्षेप आमच्या घरातही निघाला, आणि काढला तो ३६ नंबरच्या पँटवाल्यांनीच.

कपड्याचा साइझ तब्येतीबद्दल काही सांगत नाही, कारण वर पाहिलं तसं तो तुमच्याबद्दलच फारसं सांगत नाही. तब्येतीसाठी पोटाचा घेर मोजतात, पण तो टेपनं. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीयांसाठी डॉक्टर पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात, त्यापुढं गेलं की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ज्यांची पँट ३६ आहे त्यांचं पोट १०४ सेंटिमीटर आहे. लेबलवर विसंबून त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं होतं. साखर तपासायला नेलं आहे, अहवाल यायचा आहे.

म्हणजे लेबल दोन्हीकडून चुकवतं. मला उगाच रडवतं, त्यांना उगाच हसवतं.

"बारीक झाल्यावर बसेल की"

माझ्या कपाटात असे सात कपडे होते. सगळ्यात जुना एक मोरपंखी ब्लाउज, २०१४ चा, पोरगं व्हायच्या आधीचा. दरवर्षी संक्रांतीला काढायचा, हुक लागत नाही बघायचं, परत घडी घालायची. बाळंतपणानंतर बरगड्यांचा पिंजरा रुंदावलेला राहू शकतो, चाळिशीनंतर चरबी पोटाकडं सरकते, पाठ किंचित वाकते, दोन खांदेही एकसारखे नसतात. यातलं बरंचसं उपाशी राहून मागं जात नाही. पण हे ठाऊक असणं वेगळं आणि कपाट उघडून बघणं वेगळं.

भाचीच्या लग्नाचा ब्लाउज शिवायला टाकायला गेले तेव्हा मापासाठी तोच मोरपंखी पिशवीत घातला होता. टेलरमामांनी तो हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता गळ्यातला टेप काढला. आमचे टेलरमामा मराठी बोलतात, पण आकडे कन्नडमध्येच मोजतात, कारण वहीत लिहिणारा पोरगा हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा आहे. "नलवत्तेरडू!" मामा ओरडले. बेचाळीस. बाकावर बसलेल्या दोन पोरींना कन्नड येत नसेल अशी आशा करण्यात अर्थ नव्हता, बेळगावात आकडे सगळ्यांना येतात. दोघींपैकी एकीनंही फोनमधून डोकं वर काढलं नाही.

मोरपंखीच्या बाजू उसवल्या, तर आत दोन्हीकडं पाऊण इंच कापड निघालं. "हे पण सोडून देतो," मामा म्हणाले, "हुक लागेल. काखेत एक चौकोनी तुकडा घालावा लागेल, त्याच रंगाचा मिळाला तर बघतो." कधी देणार विचारलं तर शनिवार सांगितला. लग्न रविवारी आहे. मामांचा शनिवार म्हणजे रविवारी सकाळी सात, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.